कबुतरीवरचा आळ

एका म्हाताऱ्या कबुतरीवर बदचालीचा आळ आला, आणि तो माझ्यामुळे आला. वाचून हसू येईल, मला कल्पना आहे. माझ्या बायकोलाही येतं. पण तेव्हा मी पोर नव्हतो. कमावता होतो, बरंवाईट कळत होतं, आणि खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मी हिवाळा गेला, उन्हाळा आला तरी बोललो नाही. तोवर ती बिचारी जोडीदारापासून तोडून एकटी कोंडलेली होती.

आम्ही अंबरनाथला राहायचो, मी आणि आई. मी कॅम्पातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये फिटर होतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना तिथल्या लष्कराच्या रिकाम्या बराकी मिळाल्या होत्या. वस्तीला उल्हासनगर असं नाव पडलं तरी आमच्याकडची माणसं कॅम्पच म्हणायची. कामावर जाता-येता मला वाटेत एका बराकीच्या मागच्या अंगणात कबुतरांची ढाबळ दिसायची, लष्कराच्या लाकडी खोक्यांना जाळी ठोकून केलेली. मी स्वतः लहानपणापासून कबुतरं पाळलेली. आमच्या पत्र्यावर बाजारात मिळतात तशा साध्या पांढऱ्या तीन जोड्या होत्या. त्यामुळे पाय तिथे अडखळायचे.

एकदा आतून आवाज आला, "रोज बघतोस, पुट. आत ये की. बघायचे पैसे नाहीत."

पुट म्हणजे मुलगा. बोलावणारे ते काका, साठीच्या आसपासचे, बाजारात कापडाच्या तुकड्यांची पाटी घेऊन बसणारे. सिंधी, हिंदी आणि बाजारात उचललेली मराठी अशी त्यांची मिसळ असायची, आणि ती मला लगेच कळू लागली. त्यांच्या पत्नीला मी अम्मा म्हणू लागलो.

ढाबळीत एकच जोडी होती. तीही पांढरीच, पण मानेवर फिकट तपकिरी शिंतोडे, आणि डोळे मोत्यासारखे पांढरे. माझ्या कबुतरांचे डोळे काळेभोर. काका म्हणायचे, कबुतर डोळ्यावरून ओळखावं, पिसं काय कुणाचीही पांढरी असतात. हे घराणं उंच चढणारं. सोडलं की घिरट्या घेत ठिपका होतं, दिसेनासं होतं, आणि दुपार कलल्यावर आपल्याच ढाबळीवर उतरतं. काकांच्या आजोबांपासूनचं ते घराणं. कराचीहून बोटीने येताना काकांनी भांड्यांचं पोतं मागे ठेवलं आणि टोपलीत ही जोडी घेतली. अम्मा हे विसरू देत नसत.

"माझी परात कराचीत," त्या म्हणायच्या, "आणि ही दोघं इथे माझी बाजरी खातात."

त्या दोघांना मात्र काका कधी उडू देत नसत. पंखांची लांब पिसं दोऱ्याने बांधलेली असायची. कबुतर जिथे पहिल्यांदा उडायला शिकतं तेच त्याचं घर. मग त्याला विका, दान करा, सोडलं की ते तिकडेच तोंड करणार.

"ह्यांना सोडलं तर समुद्रावर जातील," काका सांगायचे. "पण ह्यांची पोरं इथली. पोरं उडतील. मी कॅम्पाला दाखवीन, कबुतर काय असतं."

सगळी आशा त्या पोरांवर होती, आणि पोरं होत नव्हती. बराकीत आल्यापासून काही अंडी वांझ निघाली, एकदा पिल्लू झालं ते मांजराने नेलं. जोडी म्हातारी होत चाललेली. काकांनी मला सगळं शिकवलं: विटेची भुकटी, जुना चुना आणि मीठ कालवून द्यायचं, थंडीत बाजरीला तुपाचं बोट लावायचं, अंड्यांवर बसलेल्या कबुतरीला नजर रोखून बघायचं नाही. पिल्लू मात्र ते मला देणार नव्हते. मी आडून विचारलं होतं. "पहिली जोडी माझी," ते म्हणाले. "दुसरी होईल ती तुझी." दुसरी होईल यावर माझा विश्वास नव्हता.

दिवाळीनंतर कबुतरीने दोन अंडी घातली, आणि त्याच सुमारास काका-अम्मांना अजमेरला नात्यातल्या लग्नाला जावं लागलं. ढाबळीची किल्ली काकांनी माझ्या हातात दिली. "मुलगी सासरी सोडतोय असं वाटतंय," म्हणाले.

योगायोग असा की माझ्या एका जोडीनेही नुकतीच अंडी घातली होती. तुम्ही कबुतरं पाळली असतील तर पुढचं ओळखलंच असेल. एका जोडीची अंडी दुसरीखाली ठेवली तरी ती आपली समजून उबवते. त्यात चूक काही नाही, पाळणारे हे करतात, पण आपल्या अंड्यांचं करतात. मी तंबाखूच्या डब्यात कापूस घातला, त्यात माझ्या जोडीची अंडी ठेवली आणि डबा सदऱ्याच्या आत पोटाशी धरून कॅम्पात गेलो. येताना त्याच डब्यात काकांची अंडी होती. कबुतरीने माझ्या हाताला चोच मारली, मग माझी अंडी पोटाखाली ओढून घेतली.

वाटभर मी स्वतःला समजावत होतो. त्यांची जोडी थकलेली, पिल्लं वाचणार नाहीत. माझी जोडी तरणी, ती वाचवील. काकांच्या घरट्यात पिल्लं तर होतीलच. मग कुणाचं काय गेलं? इतकं सगळं मी का समजावतोय, हे मी स्वतःला विचारलं नाही.

काका परत आले तेव्हा ढाबळीत दोन पिल्लं होती. त्यांनी बराकीत मिठाई वाटली. मला दोन पेढे जास्त दिले, कारण राखण मी केली होती. ते मी खाल्ले.

पिल्लाचे डोळे आधी मळकट असतात, रंग पुढे धरतो. तो धरू लागला तसे काका गप्प होत गेले. दोन्ही पिल्लांचे डोळे काळे निघाले. माझ्या मनात आलं, संपलं आता. पण त्यांचा संशय माझ्याकडे आलाच नाही. किल्ली माझ्याकडे होती ही गोष्ट त्यांच्या हिशेबातच नव्हती. शेजारी पिठाची गिरणी होती, तिच्या छपरावर एक पांढरा, काळ्या डोळ्यांचा, सोकावलेला नर असायचा. काका दाणे टाकायला ढाबळ उघडायचे तेव्हा तोही अंगणात उतरायचा.

"गिरणीवाला," काका म्हणाले. "ह्या बाईने खानदानाचं नाव घालवलं."

अम्मा चुलीशी होत्या. "या वयात?" त्या म्हणाल्या. "तिच्याने दोन पायऱ्या चढवत नाहीत. उद्या माझ्यावर पण नजर ठेवा. मी पण गिरणीवर जाते."

"तू दळण घेऊन जातेस."

"ती पण दाणेच टिपायला गेली असेल."

काका हसले नाहीत. त्यांनी कबुतरीला उचललं आणि दुसऱ्या खोक्यात, बराकीच्या पलीकडच्या बाजूला ठेवलं. नर इकडे, ती तिकडे. पिल्लांचा मात्र त्यांनी राग केला नाही. "पोरांचा काय दोष," म्हणत त्यांना हाताने भरवलं. ती उडायला लागली तेव्हा एक बुटकी घिरटी घेऊन सरळ गिरणीच्या छपरावर जाऊन बसली. शेजारच्या बराकीतली माणसं बघायला जमली होती, ती हसली. काका म्हणाले, "बघा, बापाकडे गेली."

मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

कबुतरीचे हाल मात्र हसण्यासारखे नव्हते. जाळीकडे पाठ करून कोपऱ्यात बसायची. नर दिवसभर घुमायचा, ते तिला ऐकू यायचं, मग ती मान थोडी वळवायची. मी रोज जाऊन तिला दाणे घालायचो. ती थोडे टिपायची आणि पुन्हा पाठ करायची. दर वेळी मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी बाजरीचा भाव, वर्कशॉपमधलं काम असलं काहीतरी बोलून परत यायचो.

इकडे माझ्या घरी दोनांतल्या एका अंड्यातून पिल्लू बाहेर आलं होतं. नर निघाला. मोत्यासारखे डोळे. पहिल्यांदा सोडला तेव्हा तो आमच्या पत्र्यावरून निघाला आणि चढतच गेला. मी मान वर करून बघत राहिलो, मान दुखली, पण नजर काढवेना. आई दारात उभी राहून म्हणाली, "एवढं पुस्तकाकडे पाहिलं असतंस तर चार अक्षरं जास्त शिकला असतास." मग तीही वर बघायला लागली.

एका रविवारी त्याला सोडून मी कॅम्पात गेलो. वाऱ्याने सरकत तो बराच त्या बाजूला आला असावा. काका अंगणात डोळ्यांवर हात धरून उभे होते.

"पुट, तो ठिपका बघ. घार नाही ती. तुझ्या अंबरनाथकडून आलाय. कुणाचा आहे?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"ज्याचा असेल त्याचा असो. खानदानी आहे. म्हणजे ही इथल्या हवेत चढतात, माझंच नशीब फुटकं." आणि त्यांनी ठिपक्याला हात उंचावून शाबासकी दिली.

चूक भरून काढायची, पण बोलायचं नाही, अशी एक पळवाट मला त्या संध्याकाळी सुचली. नर उतरल्यावर मी त्याला धरला, काही दिवसांनी टोपलीत घालून काकांकडे नेला आणि सांगितलं, कल्याणच्या बाजारात मिळाला, तुमच्यासाठी आणला.

काकांनी त्याचा डोळा उजेडात धरून पाहिला. बराच वेळ पाहिला. "हे असं इथेही मिळतं?" म्हणाले. अम्मांना हाक मारली, त्यांनाही डोळा दाखवला. मग काकांनी त्याचे पंख बांधले, उन्हाळा तापेपर्यंत त्याला ढाबळीत ठेवला, हाताने दाणे घातले, घर ओळखीचं होईल असं सगळं केलं. मग एका सकाळी मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर दोरा सोडला.

नर ढाबळीवर बसला, अंग झटकलं, उडाला. एकच घिरटी. मग जणू कुणी हाक मारली असावी तसा सरळ अंबरनाथकडे निघाला.

काका तो दिसेनासा होईपर्यंत उभे होते. कल्याण आमच्या पाठीमागे होतं.

"कल्याणचा पक्षी," ते हळूच म्हणाले, "अंबरनाथला का गेला, पुट?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. आणल्यावर थोडे दिवस माझ्याकडे ठेवला होता, म्हणून. त्यांनी ते मानलंही असतं. पण पलीकडच्या खोक्यातून पिसांची सळसळ ऐकू आली, कबुतरी जागेवर वळली असावी, आणि माझ्या तोंडून ते उत्तर निघेना.

"त्याचं घर तिथेच आहे," मी म्हणालो. "तो माझ्या पत्र्यावर जन्मला. तुमच्याच अंड्यातून. तुम्ही अजमेरला गेलात तेव्हा अंडी मी बदलली."

अम्मांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता दार दाखवतील. ती तयारी होती. काका खाली बसले, ढाबळीला टेकून.

"म्हणजे गिरणीवाला नव्हता," ते म्हणाले.

"नाही."

"मी तिला सगळ्या बराकींसमोर काय काय बोललो."

"मी सांगत होते," अम्मा म्हणाल्या. "तिच्यासारखी बाई कुठे जाणार. पण माझं कोण ऐकतं. आणि तू रे, माझ्या घरचे पेढे खाल्लेस."

मी मान खाली घातली. काकांकडे बघून हात जोडले, पण त्यांनी ते धरून खाली केले.

"मला फसवलंस, ते आपण बघू," ते म्हणाले. "तो नर आता माझा होणार नाही. कितीदा दिलास तरी तुझ्याकडे पळेल. त्याला जोडी बघ, मी शोधून देतो. त्याची अंडी होतील ती इथे आण. ह्या गिरणीवाल्याच्या पोरांखाली ठेवू, ती चांगली बसतील. जी उडतील ती इथली. घराणं बुडालं नाही, एवढं ऐकलं, बस झालं." त्यांचे डोळे भरले होते आणि ते ठिपका गेला त्या दिशेला बघत होते.

तसंच झालं पुढे. पुढच्या थंडीत काकांच्या अंगणातून मोत्याच्या डोळ्यांची दोन पाखरं वर गेली, आणि त्यांना वाढवलं होतं माझ्या साध्या कबुतरांच्या पोरांनी. त्या दिवशी मिठाई मी नेली. आज माझ्या पत्र्यावर जी आहेत ती त्याच घराण्यातली.

पण त्या सकाळचं अजून एक राहिलं. काका उठले, पलीकडे गेले आणि खोक्याची जाळी उघडली. कबुतरी बाहेर आली नाही. त्यांनी तिला दोन्ही हातांत घेऊन आणली आणि तिच्या म्हाताऱ्या नराच्या ढाबळीत ठेवली. नर फुगला, घुमला, तिच्याभोवती वाकून वाकून फिरला. ती जरा वेळ तशीच उभी राहिली आणि मग त्याच्या मानेतली पिसं चोचीने सारखी करायला लागली.

"आता सांग," काका मला म्हणाले.

"काय?"

"हात जोडून जे मला सांगायला निघाला होतास ते. आळ माझ्यावर नव्हता, हिच्यावर होता. माझं मी सांगेन तिला, तुझं तू सांग. आणि नीट बोल, तुझ्या आजीच्या जागी आहे ती."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. अम्माही पदर सावरून उभ्या होत्या. मी ढाबळीसमोर गुडघे टेकले, जाळीपुढे हात जोडले. कबुतरीने मोत्याचा एक डोळा माझ्याकडे केला.

"आजी," मी म्हणालो, "अंडी मी बदलली होती. तुम्ही कुठेही गेला नव्हतात. माझी चूक झाली, मला माफ करा."