शिबिराला गेलेली शेवंती

खारी गावातून एक बाई शिबिराला पाठवायची आहे, असा निरोप ग्रामसेविकेनं आणला तेव्हा सगळ्यांनी शेवंतीचं नाव घेतलं. ती सातवी शिकलेली होती, पण कारण ते नव्हतं. मिठागराचा मुकादम धर्माजी हा तिचा चुलत दीर. तो चारचौघांत म्हणाला, "हिला धाडा. हिच्यावाचून कुणाची चूल अडत न्हाय."

शेवंतीचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. धर्माजी बोलला ते खरंच होतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

साल सदुसष्ट. दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याच्या एका कॉलेजात आठ दिवसांचं महिला नेतृत्व शिबिर भरलं होतं. हॉस्टेल रिकामं होतं, तिथंच बायकांची सोय केलेली. शेवंतीच्या खाटेखाली कुणा मुलाचे क्रिकेटचे स्टंप पडलेले, भिंतीवर खडूनं गणितं. वर्गात एकावर एक चढत गेलेली बाकं पाहून ती सगळ्यात खाली बसली. वर बसायचं ते मोठ्यांनी, असं तिला वाटलं होतं.

शिकवायला पुष्पलताबाई नावाच्या प्राध्यापिका होत्या. त्या म्हणायच्या, "बोलायला उभं राहिलं की आधी स्वतःचं नाव सांगायचं. अमक्याची सून, तमक्याची बायको नाही." पहिल्या दिवशी शेवंती टेबल घट्ट धरून "मी शेवंती" एवढंच म्हणाली आणि खाली बसली. सातव्या दिवशी मात्र, मिठागरावर बायकांचे पाय कसे फुटतात, बांधावर फडक्याच्या सावलीत ठेवलेली तान्ही पोरं कशी भाजून निघतात, हे ती थांबेचना इतकं बोलली. मागच्या बाकावर एक बाई पदरानं डोळे पुसत होती. आपलं बोलणं ऐकून कुणी रडावं, हे शेवंतीच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

ती गावात परतली ती सभा कशी बोलवायची, नोटीस किती दिवस आधी काढायची, ठराव कसा मांडायचा, सभेत झालेलं वहीत कसं उतरवायचं, हे सगळं शिकून.

वर्षभरात तिनं सतरा बायकांचं मंडळ उभं केलं आणि ते रीतसर नोंदवलं. बाबाजी नावाच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं रस्त्याकडेची दोन गुंठे जागा मंडळाच्या नावानं लिहून दिली. बायकांनी स्वतः कुडाच्या भिंती बांधल्या, जमीन सारवली आणि बालवाडी सुरू झाली. बांधावरची पोरं सावलीत आली. आठ वर्षं शेवंतीनं ती बालवाडी चालवली. शेजारच्या चंपाला फक्त सही करता यायची, तिला तिनं लिहायला शिकवलं आणि मंडळाची वही तिच्या हाती दिली. एक तारीख चुकली तरी शेवंती पान पुन्हा लिहायला लावायची.

"ताई, कोन बघतंय एवढं?" चंपा कुरकुरायची.

"उद्या कोनी बोट दावलं तर हीच वही आपली बाजू घेनार हाय," शेवंती म्हणायची.

शहात्तर साली मुंबईच्या एका शेठला गावात स्टीलच्या भांड्यांचा कारखाना काढायचा होता. त्याच्या जागेच्या तोंडावरच बालवाडी येत होती. धर्माजी शेवंतीच्या ओट्यावर येऊन बसला.

"मंडळातल्या घरटी एक पोरगा कामाला लावतो, शेठनं शब्द दिलाय. जागा सोड."

"आनि बारकी पोरं?"

"देवळात बसव."

"भावजी, जागा मंडळाची हाय. माजी न्हाय, तुमचीबी न्हाय."

धर्माजी हसला. "मंडळाची ना? मग मंडळालाच इचारू."

चार दिवसांनी नोटीस आली. तारीख, वेळ, विषय, सभा मागणाऱ्या बायकांच्या सह्या, सगळं जागच्या जागी. अक्षर चंपाचं. विषय दोन होते: जागा देणे आणि अध्यक्ष बदलणे.

सभा बालवाडीतच भरली. चंपा उभी राहिली, तिनं आपलं नाव सांगितलं आणि ठराव वाचला. शेवंतीनं बाजू मांडली, कॉलेजात बोलली होती त्याहून चांगली मांडली. शेवटी चंपाच म्हणाली, "ताई, माजा रघू दोन वरसं घरी बसून हाय. तुला पोर न्हाय. तुला न्हाय समजाचं."

चौदा हात वर झाले. विरोधात तीन, त्यात एक शेवंतीचा. त्या तिघींनाही मुलगे नव्हते.

चंपानं तिथल्या तिथं वही लिहून समोर ठेवली. शेवंतीनं ती दोनदा वाचली. ती चूक शोधत होती. एखादा आकडा, एखादी तारीख, काहीही, म्हणजे सगळं रद्द करता आलं असतं. पण तिनंच शिकवलेलं होतं. कुठंही खोट नव्हती. तिनं खाली सही केली आणि बाहेर पडली.

बालवाडी पाडायला एक सकाळ पुरली. देवळात पोरं जेमतेम महिनाभर बसली, मग पुजाऱ्यानं कटकट केली आणि तेही बंद पडलं. शेवंतीनं मंडळ सोडलं आणि ती पुन्हा मिठागरावर जाऊ लागली. धर्माजीनं तिला मीठ ओढायला खाडीकडचं सगळ्यात लांबचं टोक दिलं. गावातले चौदा पोरगे मात्र खरंच कामाला लागले. शेठनं शब्द पाळला होता, आणि हेच शेवंतीला सगळ्यात जास्त जाळत होतं.

दोन वर्षांनी कारखान्यानं बाहेरून माणसं आणली आणि गावच्या पोरांना एका दिवसात घरी बसवलं. धर्माजीनं हात झटकले. मग एका दुपारी चंपा आणि पाच-सहा जणी शेवंतीच्या दारात आल्या. ती जवळा निवडत होती.

"ताई, शेठकडं जायाचं हाय. तू चल."

"अर्ज लिव. तुला येतंय."

"लिवला. उत्तर न्हाय. समोर उभं ऱ्हाऊन बोलाया तूच पायजे."

"कुनाच्या वतीनं बोलू? मी मंडळात हाय कुटं?"

चंपा रडायला लागली. "चुकलं आमचं. पोरांकडं बघून तरी चल."

"मला पोर न्हाय," शेवंती म्हणाली. "मला न्हाय समजाचं."

बायका आल्या वाटेनं निघून गेल्या. शेठसमोर कुणी बोललंच नाही. रघू काशीगावकडे दगडाच्या खाणीवर लागला आणि सहा महिन्यांत छातीचं दुखणं घेऊन परतला.

ती गेली असती तर पोरांना परत घेतलं असतं की नाही, कोण सांगणार? कदाचित नसतंच. पण त्या दुपारी, पाठमोऱ्या बायका गल्लीच्या वळणावर दिसेनाशा झाल्या तेव्हा शेवंतीला बरं वाटलं होतं. चांगलं पोटभर बरं वाटलं होतं. आता कुंपणापलीकडून रघूचा खोकला ऐकू आला की ती हातातलं काम टाकून आत जायची आणि दार लावून घ्यायची.