पांढरा कोल्हा

माही फजिती मीच सांगतो बाप्पा! रशीदच्या तोंडून गेली तर देऊळगाव राजापर्यंत तिले शेपूट फुटल.

मी चौथी नापास माणूस. पण पारख म्हणाल तर माहीच! कापसाच्या बोंडातला तंतू बोटानं ओढला की वाण सांगतो. खोटं वाटते? इचारा साखरखेर्ड्यात कोणालेही.

तर विहिरीजवळच्या दोन एकरांवरून पोराचं अन माहं वाजलं. गजानन म्हणे, "बाबा, नवीन बीटी कपाशी टाकू." म्या म्हटलं, "बोंडअळी त्या नव्यालेही सोडत नाई. आपलं साधं जुनं वाण टाक. नव्यात दम नसते!"

तेवढ्यात नात आरती मोबाईल घेऊन आली. "आबा, तुमचं कोल्ह्यावालं जपानी कार्टून पुन्हा नव्यानं काढलं!"

ते कार्टून म्हणजे माहा जीव! बीटी नुकतीच आली होती तेव्हाचं. गजानन लहान होता. निंदण सोडून आम्ही बापलेक टीव्हीपुढं. पाठीवर तलवार बांधलेली जपानी पोरगी, संग कोल्हा, अन बोलणं सारं हिंदी! एक भाग चुकवला नाई.

"नवं काय चाटाचं हाय?" म्या म्हटलं. "अस्सल कोणतं, नक्कल कोणती, मी एका नजरेत ओळखतो."

गजानन टपूनच होता. "ओळखा मंग! चुकले तर दोन एकरांत बीटी."

"हाव! अन जिंकलो तर जुनं वाण. रशीद पंच!" रशीद म्हणजे गावातला टीव्ही दुरुस्तीवाला, माहा जुना यार.

आरतीनं नाव लपवून दोन तुकडे दाखवले. पहिल्यात कोल्हा भडक नारंगी, पोरीचा झगा लाल, आभाळ निळंशार. दुसऱ्यात सारं काळंपांढरं, पावसात पोरगी एकटी.

म्या दुसऱ्यावर बोट ठेवलं. "हे अस्सल! अन ते पहिलं? थू! कोल्हा हाय का झेंडूचा हार? नुसती रंगरंगोटी! जीव नाई बे त्यात, जीव!"

चांगलं लांबलचक भाषण ठोकलं. आरती तोंडात ओढणी कोंबून बसली.

"आबा, झेंडूवालंच जुनं हाय. दुसऱ्यात पोरीले लहानपण आठवते, म्हणून नव्यावाल्यांनी मुद्दाम काळंपांढरं केलं."

"काहीतरीच! म्या सोता पाह्यलं. कोल्हा पांढरा होता!"

रशीद हसता हसता खाटेवरून घसरला. "किसनभाऊ, टीव्ही म्याच देल्ता ना तुले? ब्लॅक अँड व्हाईट! रंगीत घे म्हटलं, तर तू म्हणे, रंगानं काय पोट भरते का बे?"

बीटी पेरली. शब्द म्हणजे शब्द! मंग म्या गुपचूप सारं जुनं कार्टून रंगात पाह्यलं. तिचा झगा लाल होता, इतकी वर्सं मले ठाऊकच नाई! नवंही बरं हाय, पण हे गजाननले सांगू नका.

पण हार मानीन तर किसन कसला? बीटीच्या थैलीसंग साध्या वाणाचं एक लहान पाकीट येते, अळीनं तेच खावं म्हणून शेताच्या कडेनं लावाले. लोक फेकून देतात. म्या चारी धुऱ्यांनी लावलं!

कापूस फुटला तसा रशीदले वावरात नेलं. आरतीनं दोन बोंडं तोडून हाती देली, एक कडेचं, एक मधलं. म्या तंतू ओढले.

"पाह्य बे! हे कडेचं, आपलं जुनं. काय धागा, काय झळाळी! अन हे दुसरं बीटीचं मढं."

आरती हळूच म्हणे, "आबा, ते मढं कडेचं हाय."

आता सारं गाव इचारते, "किसनभाऊ, कोल्हा कोणत्या रंगाचा?"

मी छाती फुगवून सांगतो, "पांढरा!"