शेवटच्या फेरीची रॉ फाईल

कॅमेरा घेऊन मला जेमतेम चार महिने झाले होते आणि तेवढ्यात मी स्वतःला फोटोग्राफर म्हणवून घ्यायला लागले होते. गंगापूर रोडला रविवारी सकाळी एक क्लास असायचा. तिथले सर म्हणाले होते, "जेपीजी म्हणजे ताटात वाढलेलं जेवण, आणि रॉ म्हणजे कोरडा शिधा. भाजीत पडलेलं मीठ काढता येत नाही. शिधा हातात असेल तर हवं ते करा." म्हणजे जेपीजीत फोटो कॅमेराच तयार करून देतो. फाईल लहान असते, कुठल्याही फोनवर, कुठल्याही दुकानात उघडते. रॉमध्ये कॅमेऱ्याला दिसलेलं सगळं जसंच्या तसं राहतं, अंधारात बुडालेलंही नंतर वर काढता येतं. पण फाईल अवजड असते आणि उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. यातला शिध्याचा भाग मी मनावर घेतला आणि सॉफ्टवेअरचा भाग वहीत लिहून ठेवला.

माझे वडील एसटीचे ड्रायव्हर. बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची बरीचशी वणी–नाशिक मार्गावर. त्यांच्या डेपोत एक पद्धत आहे. निवृत्त होणाऱ्या ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीला गाडी झेंडूच्या माळांनी सजवतात आणि स्टिअरिंगवर बसलेला त्याचा एक फोटो काढतात. तो त्याच दुपारी मोठा छापून घ्यायचा, भोवती रुंद पांढरा पुठ्ठा लावायचा, पुठ्ठ्यावर मेकॅनिकपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि चार वाजता निरोपाच्या कार्यक्रमात फ्रेम करून हातात द्यायचा. शाल-श्रीफळ काय, सगळ्यांना मिळतं. फ्रेम मात्र घराच्या दर्शनी भिंतीवर लागते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली जाते.

दर वेळी हा फोटो डेपोसमोरचा स्टुडिओवाला काढायचा. पप्पांच्या वेळी त्यांच्या गाडीवरच्या कंडक्टरकाकांनी त्याला परस्पर नको सांगितलं. "घरात फोटोग्राफर पोरगी हाय. तिला सोडून दुसरा कशाला? लय भारी काढती ती," असं त्यांनी सगळ्या डेपोला सांगून टाकलं. काकांनी माझा एकही फोटो पाहिला नव्हता. पप्पांनी पाहिले होते, पण ते कधी काही बोलले नाहीत. कॅमेरा घरात आला त्या दिवशी एवढंच विचारलं होतं, "मोबाईलमधी येत नाय का फोटो?" तेव्हापासून मी त्या वाक्यावर दात धरून होते.

त्या सकाळी सिन्नरच्या घरात, निघायच्या आधी, मी कॅमेऱ्याचा मेनू उघडला. तीन पर्याय होते: जेपीजी, रॉ, आणि दोन्ही एकदम. दोन्ही ठेवलं असतं तर कार्ड लवकर भरलं असतं, आणि माझ्याकडे कार्ड एकच होतं. शिवाय खरं सांगायचं तर दोन्ही ठेवणं मला नवशिक्याचं लक्षण वाटलं. मी ऐटीत रॉ निवडलं. त्याआधी रॉमध्ये मी आयुष्यात एकही फोटो काढलेला नव्हता.

वणीच्या स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी माळांनी मढली होती. गडावरून उतरलेले भाविक, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, सगळे मोबाईल काढून उभे होते. आई नवी साडी नेसून पहिल्या बाकावर बसली होती. पप्पांचा चेहरा नेहमीसारखा, म्हणजे दगड. ड्युटीवरच्या त्यांच्या शिस्तीचा डेपोत दरारा होता. गडाच्या घाटात धुक्यातही या माणसाचा हात हलत नाही, असं सगळे म्हणायचे, आणि घरीही आम्हाला तेच ठाऊक होतं. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी पूर्ण वर्तमानपत्र वाचलं होतं.

"गाडी हलल्यावर फोटो नाय," त्यांनी मला आधीच बजावलं. "केबिनमधी कुणी उभं राहायचं नाय. जे काय काढायचं ते आता काढ. एक मिनिट."

"एका मिनिटात कसं होईल, पप्पा?"

"गाडीची येळ झालीय."

मी इंजिनच्या झाकणापाशी कशीबशी गुडघ्यावर बसले. पप्पा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. त्यांच्या मागे त्यांच्या बाजूची खिडकी, आणि खिडकीत अकरा वाजताचं पांढरंफटक ऊन. मी तीन वेळा बटण दाबलं. तेवढ्यात काकांनी घंटी मारली आणि पप्पांनी गिअर टाकला. संपलं मिनिट.

जागेवर येऊन पडद्यावर पाहिलं. कॅमेऱ्यानं खिडकीतला उजेड मोजला होता. बाहेरचं झाड स्वच्छ, माळेतलं प्रत्येक फूल स्वच्छ, आणि मधोमध माणसाच्या आकाराचा काळा डाग. तिन्ही फोटो तसेच. शेजारच्या दोघा-तिघांचे मोबाईल मागून घेतले. त्यांनी मागच्या गर्दीतून काढले होते, त्यांत तर नुसती डोकी होती. पुन्हा काढू द्या म्हणून पप्पांना विचारायची सोय नव्हती. गाडी दिंडोरीच्या रस्त्याला लागली होती आणि ते मला ओळखतही नसल्यासारखे गाडी चालवत होते.

रॉ आहे, रॉमधून चेहरा वर येतो, असं मी नाशिक येईपर्यंत मनात घोकत राहिले. आई मधूनच विचारायची, "चांगला आलाय ना गं?" मी हो म्हणत होते आणि तिच्याकडे बघत नव्हते.

डेपोत फुलं, घोषणा, पेढे झाले. सव्वा वाजता मी समोरच्या स्टुडिओत पळाले. ज्याचं काम मी काढून घेतलं होतं त्याच्याच दारात जायचं होतं, पण तेवढ्या वेळात छापून, फ्रेम करून देणारा दुसरा कुणी नव्हता. त्यानं कार्ड संगणकात घातलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "मॅडम, यात काहीच उघडत नाहीये."

"रॉ आहे ते."

"ते दिसतंय मला. आमच्याकडचं सॉफ्टवेअर जुनं आहे, तुमचा कॅमेरा नवा आहे. जेपीजी द्या."

"जेपीजी नाहीये."

"दोन्ही नव्हतं ठेवलं?" त्यानं असं विचारलं की मला त्याच्या काउंटरवरचा स्टेपलर फेकून मारावासा वाटला. राग त्याचा नव्हता, माझाच होता. लॅपटॉप सिन्नरला घरी. जाऊन-येऊन साडेचार होणार. सरांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. भिंतीवरचं घड्याळ पावणेदोन दाखवत होतं आणि रस्त्यापलीकडे कंडक्टरकाका पुठ्ठा आणि स्केचपेन घेऊन सह्यांसाठी वाट बघत उभे होते. फोटो आल्याशिवाय पुठ्ठा कापता येत नव्हता, पुठ्ठा कापल्याशिवाय सह्या घेता येत नव्हत्या.

दोन वाजून पाच मिनिटांनी सरांचा मेसेज आला: "लग्नात आहे. कॅमेऱ्यातच रॉचं जेपीजी करता येतं. मेनूत रिटच बघ." घाईत दोनदा चुकीचा पर्याय दाबला गेला. मग सापडलं. फोटो समोर आला, बाजूला उजेड वाढवायची पट्टी. मी ती एक घर वाढवली. काळ्या डागातून टोपीची कड निघाली. अजून एक घर. गाल, मिशी, डोळे.

स्टुडिओवालाही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

पप्पा घाबरलेले होते. दुसरा शब्द नाही. ओठ आत ओढलेले, डोळे नको तितके उघडे, हात स्टिअरिंगला असे धरलेले जशी ती वस्तू कुणी हिसकावून घेणार आहे. हे मी तीन हातांवर बसून पाहिलं नव्हतं, कारण मी उजेड, वेळ आणि बटण बघत होते. माझ्या आयुष्यात मी हा चेहरा कधी पाहिलेला नव्हता.

"असं करा," स्टुडिओवाला हळूच म्हणाला, "वाढवू नका. काळाच राहू द्या. मागून उजेड, समोर सावली, पिक्चरच्या पोस्टरसारखा दिसतो. वाढवलं की दाणे पण येतायत बघा, गालावर."

दाणे आले होते हे खरं. मोठा छापला असता तर गाल वाळूसारखा दिसला असता. पण मी फक्त दाण्यांचा विचार करत होते असं म्हटलं तर ते खोटं होईल. सगळ्या डेपोसमोर, ज्यांच्यात या माणसाचा दरारा, त्यांच्यासमोर हा चेहरा फ्रेम करून कसा ठेवायचा? उद्या कुणीतरी हसून म्हणेल, उस्ताद, भ्याला होता काय. पप्पा मला माफ करणार नाहीत. आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला आजही लाज वाटते. काळा फोटो छान दिसत होता. तो बघून लोक माझं कौतुक करणार होते.

मी पट्टी पुन्हा खाली आणली आणि काळा फोटो जेपीजी करून दिला.

पावणेतीनला छापून झाला. काकांनी पुठ्ठा घेऊन वर्कशॉपपासून कॅश-खोलीपर्यंत धावपळ केली, साडेतीनला सह्या झाल्या, चारला पाच कमी असताना काच बसली. कार्यक्रमात मॅनेजरसाहेबांनी फ्रेमवरचा कागद काढला आणि हॉलभर "वा!" झालं. काका शेजारच्याला कोपरानं ढोसत म्हणाले, "बघ, म्हणलो नव्हतो? लय भारी." टाळ्या वाजत होत्या. दिवसभरात पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. पप्पांनी फ्रेम दोन्ही हातांत घेतली, पाहिली, मान हलवली आणि शालीखाली ठेवली. भाषणात ते दोनच वाक्यं बोलले, गाडी नीट ठेवा आणि घाटात घाई करू नका.

परत जाताना आम्ही तिघं सिन्नरच्या गाडीत बसलो. ऊन कलतं झालं होतं. ड्रायव्हरनं पप्पांना पुढच्या बाकावर बसवलं, तिकीट घेऊ दिलं नाही. आई थकून खिडकीला डोकं टेकून झोपली. नाशिकरोड मागे पडलं. पप्पा समोर बसलेल्या ड्रायव्हरच्या खाकी पाठीकडे बघत होते.

"बत्तीस वर्षं लोकांनी माझी हीच बघितली," ते म्हणाले.

"काय?"

"पाठ. गाडीत चढला की माणूस मागं जाऊन बसतो. रोजचे पाशिंजर, नाव-गाव ठाऊक, पोरांची लग्नं ठाऊक. स्टँडावर समोर आलो तर वळखत नाय." मग जरा थांबून, "मला वाटलं, आज तरी तोंड दिसंल."

मी पिशवीतून कॅमेरा काढला, ती फाईल उघडली, उजेड दोन घरं वाढवला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांना चष्मा शोधावा लागला. बराच वेळ ते त्या छोट्या पडद्याकडे बघत राहिले. गाडी एका खड्ड्यातून गेली तेव्हा त्यांनी कॅमेरा छातीशी धरला आणि पुन्हा समोर घेतला.

"भ्यालो होतो," ते म्हणाले. तक्रार नाही, कबुली नाही. नुसतं ओळखल्यासारखं.

"कशाला?"

"उद्या सकाळी चारला जाग येणार. मग?" त्यांनी चष्म्याआडून माझ्याकडे पाहिलं. "हा होता तुझ्याकडं?"

"हो."

"मग हा का नाय दिला?"

"लोकांना दिसलं असतं, पप्पा."

"दिसू द्यायचं की."

मी दाण्यांचं सांगायला तोंड उघडलं आणि बंद केलं. कॅमेऱ्यानं त्यांना जसं होतं तसं धरून ठेवलं होतं. त्यांना झाकलं मी, आणि वर त्यांच्यावर उपकार केल्याच्या थाटात कार्यक्रमभर मिरवले.

पप्पांनी कॅमेरा मला परत दिला. मग बाकाखालून फ्रेम काढली आणि खिडकीतल्या उन्हाकडे तिरकी धरली. एकदा इकडून, एकदा तिकडून, त्या काळ्यात काही दिसतंय का ते त्यांनी वाकून पाहिलं. काहीच नव्हतं. मग ते काठाच्या सह्या वाचायला लागले, बोट ठेवून, एकेक नाव ओठांतल्या ओठांत. शेवटच्या नावापर्यंत पोचले आणि फ्रेम पुन्हा शालीत गुंडाळली.

"सह्या मात्र सगळ्यांच्या आल्यात," ते म्हणाले.