धुराची जागा

आमच्या बौद्धपुऱ्यातले एक काका वाशीमच्या स्टँडवर पंक्चर काढत. बोलण्याआधी टायरवर पाना आपटायची त्यांना सवय. रॉकेलची टंचाई आली तेव्हा त्यांनी बंद पिंपात जुने टायर तापवून जळणाचं तेल काढलं. ते पाहून एक शेठ कंपनी काढायला, भांडवल घालायला तयार झाला.

"भट्टी तुमच्या पुऱ्याले लागून टाकू. तिथं धुराची तक्रार कोन करते?"

काकांनी पाना आपटला. "शेठ, तुमच्या बंगल्यामांगं टाका. आत्ता भागीदार होतो."

"मजाक करून राह्यला का बे?"

"मजाक तं तुमी केली."

शेठ तणतणत गेला.

शेजारी ट्यूब धरून बसलेला मी म्हणालो, "काका, पंक्चरातून सुटले असते तुमी."

"अन् तुही माय? तिले दमा हाय ना?"

त्या संध्याकाळी मी पुऱ्यात छाती काढून शिरलो.