हिरवा पतंग कोणाच्या मालातला

"मंगल, तेरा माल होल्ड," आमचे सुपरवायझर बिजू सर म्हणाले. होल्ड म्हणजे माल बाजूला ठेवायचा, हात लावायचा नाही.

दुबईजवळ उम्म अल कुवैनच्या आमच्या गोडाऊनमध्ये बार्बेक्यूची लाकडं येतात. मी इंडियाचं आंब्याचं लाकूड पॅक करते, सरिता अमेरिकेचं हिकरी. दोघींतल्या एकीला बढती मिळून ती चेकर, म्हणजे माल तपासणारी, होणार होती. सकाळी दोन्ही थप्प्यांच्या मध्ये पंजाएवढा हिरवा पतंग बसलेला दिसला. मागे दोन लांब शेपट्या. बारावी झालेल्या सरिताने फोटो काढला. फोनने सांगितलं, इंडियाचा. सर तिला "शाबास" म्हणाले. माहेरी दिव्यावर असाच पतंग यायचा, म्हणजे मलाही तो आमच्याकडचाच वाटत होता. सरिताचं बरोबर वाटलं, त्याचा जास्त राग आला.

आमच्याकडे किडा सापडला की टेपने कार्डावर चिकटवतात. सरिताने तसंच केलं.

दुपारी पेस्ट कंट्रोलच्या मॅडम आल्या.

"टेप किसने लगाया? पूरा रंग निकल गया!"

मला आतून बरं वाटलं.

पतंगाचा रंग म्हणजे पंखावरची पूड, ती टेपला चिकटून येते. एक पंख थोडा शाबूत होता. मॅडमनी भिंगातून आम्हालाही दाखवलं. पुढच्या पंखावर डोळ्यासारखा ठिपका असतो. इंडियाच्या पतंगाचा ठिपका सुटा असतो. याच्या ठिपक्यातून एक दांडी कडेच्या लालसर पट्टीला भिडली होती.

"ये लूना है. अमेरिका के पूरब में मिलता है, ऊपर कॅनडा तक. इंडिया में नहीं होता."

मग हिकरीखालचं लाकडी पॅलेट उलटलं. फळ्यांच्या फटीत वाळक्या पानात गुंडाळलेला रिकामा कोश निघाला.

"हिकरी होल्ड," सर म्हणाले. "मंगल, यल्ला, तेरा चालू कर." यल्ला म्हणजे इथलं चल, आटप.

"झालं तुझ्या मनासारखं?" सरिता पुटपुटली.

"मी काय केलं गं?"

"हसतेयस की."

हसत होतेच. पण ऑफिसने ठरवलं, यापुढे हिकरीचं प्रत्येक पॅलेट तपासायचं. हिकरीची माहिती कोणाला? सरिताला. चेकर तीच झाली.

तर पतंग सापडला की टेप लावू नये, डब्याखाली झाकून झाकण सरकवावं. मॅडमनी सांगितलं तसं सरिता आता करते. डबा मात्र माझ्याकडे मागते. मी देते. झाकण शोधायला जरा वेळ लावते.