भिंगरीच्या दोन वाट्या

हॉटेलात तिला सगळे भिंगरीच म्हणत. स्वयंपाकघर खाली, गिऱ्हाइकं वर, मध्ये लाकडी जिना; आणि दोन्ही हातांवर ताटं तोलत बाई दिवसभर त्या जिन्यावर. चाळिशी उलटली तरी तिच्या वेगाला कुणी गाठत नसे. मग उजव्या गुडघ्याची वाटी दुखायला लागली. चढणं एक वेळ जमे, उतरताना मात्र ब्रह्मांड आठवे. एक हात कठड्याला गेला, तशी ताटं निम्म्यावर आली. भिंगरीचा चेहराही उतरला.

"हॉटेलभरच्या वाट्या सांभाळतेस, स्वतःच्या दोन सांभाळता येईनात होय?" असं म्हणत नणंदेने तिला ओढतच फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेलं.

बाईंनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला आणि जमिनीवरची लांबट काळी पट्टी दाखवली. "आता अनवाणी यावरून चाला."

"दुखतोय गुडघा आणि तपासता तळवे?"

"पाऊल कसं पडतं, त्याचा ताण गुडघ्यापर्यंत पोचतो. बघू तर."

भिंगरी परीक्षेला बसल्यासारखी जपून चालली. बाई हसल्या. "अशा नाही हो. कामावर चालता तशा!"

नणंदेने तिच्या दोन्ही हातांवर टेबलावरची मासिकं ठेवली मात्र, स्वारी सुसाट सुटली. पट्टीला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर तिची रंगीत पावलं उमटली. दाब जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा. उजव्या टाचेची बाहेरची कड लालभडक, आणि अंगठा निळाशार.

"हा अंगठा काय करतो?" भिंगरीने विचारलं.

"फारसं काही नाही. बाकीच्यांच्या जिवावर बसलाय."

"म्हणजे आमच्या धाकट्या भावजींसारखा!"

"अगं, भाऊ आहे तो माझा!" असं म्हणत नणंदच सगळ्यात मोठ्याने हसली.

"नुसत्या पावलाचा दोष नाही," बाईंनी समजावलं. "मांडी आणि कंबरही कमजोर पडलीय. सगळ्यांनाच कामाला लावू."

मग घरी रोज संध्याकाळी व्यायाम सुरू झाला. पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायचा, कुशीवर झोपून पाय उचलायचा, एका पायावर उभं राहायचं. "यात काय अवघड?" म्हणत नवराही एका पायावर उभा राहिला आणि थेट सोफ्यावर आडवा झाला. दुसऱ्या दिवसापासून तोही शागीर्द.

दुखणं एकदम गेलं नाही, हळूहळू पातळ होत गेलं. एका भर गर्दीच्या दुपारी ती उष्ट्या ताटांची चळत घेऊन झरझर खाली आली. आचारी ओरडला, "अगं, कठडा धर!"

"कशाने धरू? हात कुठे रिकामा आहे?" ती म्हणाली, आणि शेवटच्या पायरीवर थबकली. आपण काय केलं, ते तिलाच आत्ता कळलं.

ताटं मोरीत ठेवून ती पुन्हा वर गेली आणि रिकाम्या हातांनी टकटक करत खाली आली.

"वर काय विसरलीस?" आचाऱ्याने विचारलं.

"काही नाही," ती हसत म्हणाली. "नुसतं उतरून बघितलं."