वस्तादांचा सेकंदाचा काटा

डोमाजी वस्तादांवर मी जन्मात एकदाच हात उगारला. १९६३ साली, पोळ्याच्या दहा दिवस आधी. मारला नाही बापा, नुसता उगारला. पण उगारला हे खरं. आणि त्याला कारण झालं एक मनगटी घड्याळ.

वस्ताद मूळचे भातकुलीचे. अमरावतीत जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे आणि सकाळ-संध्याकाळ आमचा आखाडा चालवायचे. घरी भागीरथाबाई आणि ते, दोघंच. मूलबाळ नाही. आम्ही पंधरा-सोळा पोट्टे हाच त्यांचा संसार. मी जानराव, त्याच जिनिंगमध्ये कामाला, बाराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली. माझं डोकं तेव्हापासून गरम. वस्ताद म्हणायचे, "याले आधी पाण्यात बुडवा, मंग मातीत आना."

त्या घड्याळाच्या चार वर्षं आधी आखाड्यात एक मरण झालं होतं. चंद्रभान नावाचा अकोल्याचा पोट्टा. देखणा, उंच, लाजाळू. अंगात कणकण होती, पण सांगायची लाज वाटली. बैठका मारता मारता थांबला तर वस्ताद ओरडले, "थांबला काहून? आनखी पन्नास मार!" त्यानं मारल्या. मग भिंतीला टेकून बसला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, काळीज थकलं. त्याचा बाप अकोल्याहून आला, वस्तादांना हात जोडले आणि पोराला घेऊन गेला. एक शब्द बोलला नाही. अरे, दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या! वस्ताद सुटले असते.

त्या दिवसापासून वस्तादांनी नियम केला. जोर-बैठका झाल्या की पाच मिनिटं गप बसायचं. मग ते मनगट धरणार. नाडी शांत झाली नसेल तर त्याला त्या दिवशी माती बंद. पुन्हा पुन्हा तसंच झालं तर दंगलीची कुस्तीही बंद. मोजायचे कसे? त्यांच्या वस्तादानं शिकवलं तसं, स्वतःच्या श्वासावर. त्यांच्या एका श्वासात पोराचे चार ठोके पडले तर ठीक, सहा पडले तर घरी जा. एकदा डॉक्टरांनी हे पाहिलं आणि हसले. "वस्ताद, तुमचा श्वास म्हणजे काय घड्याळ आहे का?"

ते हसणं वस्तादांना लागलं. १९६२च्या दिवाळीला मला घेऊन ते ओमप्रकाश शेठच्या घड्याळाच्या दुकानात गेले. किंमत विचारलीच नाही. पहिला प्रश्न, "सेकंदाचा काटा हाय का?"

शेठनं साखळीचं खिशातलं घड्याळ काढलं. त्याला सेकंदाचा काटाच नव्हता. बाजूला. दुसरं छान होतं, पण त्यात सेकंदाची वेगळी चकती, हरभऱ्याएवढी. वस्तादांनी डोळे बारीक केले, घड्याळ लांब धरलं, जवळ धरलं. "हे मुंगीसाठी केलं काय?" मग शेठनं शर्यतीचं घड्याळ आणलं, कळ दाबली की धावणारं आणि पुन्हा दाबली की थांबणारं. मला तेच आवडलं. वस्ताद म्हणाले, "नाही. एका हातात पोट्ट्याचं मनगट, दुसऱ्यात हे. कळ दाबायच्या नादात ठोके चुकीन. आन चुकलं तर मानूस जाते, जानराव."

शेवटी एक साधं मनगटी घड्याळ निघालं. पांढरी तबकडी, मोठे आकडे आणि तबकडीच्या मधोमध फिरणारा लांब लाल सेकंदाचा काटा. वस्तादांनी तिथंच शेठचं मनगट पकडलं. अंगठा नाडीवर गच्च दाबला. मिनिटभर दुकानात कोणी हललं नाही. "बहात्तर," वस्ताद म्हणाले. शेठ खूश. पट्टा मात्र वस्तादांच्या मनगटाला पुरेना. चांभाराकडून दोन बोटं चामडं जोडून घ्यावं लागलं.

पुढचे सात-आठ महिने सगळं झकास. माझी नाडी बहात्तर. नत्थुजीची चौऱ्याहत्तर. सगळ्यांची तशीच, एखादा-दुसरा ठोका इकडेतिकडे. वस्ताद मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "एक माती, एक नाडी!" आमच्यातल्या एकालाही शंका आली नाही. सोळा जणांची नाडी सारखी कशी, हे विचारायला अक्कल लागते, आणि ती आम्ही मातीत घासून टाकलेली.

आषाढ लागला आणि आकडे चढायला लागले. नत्थुजी नव्वद. त्याला माती बंद. आठवड्यात आणखी तिघं बंद. वस्तादांनी एकेकाचं तोंड हुंगलं, बिडी ओढून राहिले काय म्हणून. दूध कुठून घेता, झोपता कधी, सगळी चौकशी. भागीरथाबाई सांगायच्या, यांना झोप नाही, ताटात भाकर तशीच राहते. आखाड्यात आम्ही एकमेकांकडे संशयानं पाहायला लागलो. यातला पुढचा चंद्रभान कोण, हाच विचार प्रत्येकाच्या मनात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, चांदूर रेल्वेला दंगल होती. वरूडच्या पहिलवानाशी माझी कुस्ती ठरलेली. पत्रकावर नाव छापून आलेलं. माझ्या आईनं ते देवाजवळ ठेवलं होतं. पोळ्याच्या दहा दिवस आधी वस्तादांनी माझं मनगट धरलं. काटा फिरला. पुन्हा मोजलं. पुन्हा काटा फिरला.

"एकशे आठ. जानराव, तू नाही लढत."

"वस्ताद, मले काही होऊन नाही राहिलं!"

"चंद्रभानही हेच म्हनत होता."

माझं डोकं फिरलं. हात वर गेला. वस्ताद जागचे हलले नाहीत. "मार," ते म्हणाले. "दात पाड माह्ये. पन मातीत उतरू देनार नाही. एकदा उतरू देलं, आता नाही." माझा हात आपोआप खाली आला. तिथून तडक निघालो ते माणिकबाईंच्या दारात.

माणिकबाई आखाड्यामागच्या वस्तीतल्या. दवाखान्यात नर्स. त्यांच्या वस्तीतून नर्सचं शिकलेली पहिली मुलगी, आणि जिभेनं कडक. त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. "अडुसष्ट. जा, घोड्यासारखा हायेस." मी नत्थुजीला धरून आणलं. "सत्तर. कोन म्हनते याले नव्वद?"

बाईमाणूस आखाड्याचा उंबरा ओलांडत नसे. माणिकबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि वस्तादांना हाक मारली. "वस्ताद, मोजून दाखवा बरं कसं मोजता ते."

वस्तादांनी रागातच माझं मनगट ओढलं आणि अंगठा दाबला.

"अंगठा काढा," माणिकबाई म्हणाल्या. "अंगठ्यात सोताची नाडी असते, वस्ताद. एवढं दाबून धराल तर पोट्ट्याची नाही, तुमचीच मोजाल."

मला आधी हसू आलं. देवाशपथ सांगतो, हसू आलं. म्हणजे शेठ, मी, नत्थुजी, सगळे मिळून एकच डोमाजी वस्ताद! मग माणिकबाईंनी वस्तादांचं मनगट हातात घेतलं आणि माझं हसू तिथंच मेलं. लाल काटा फिरत होता. माणिकबाईंचे ओठ हलत होते. मिनिट संपलं तरी त्यांनी हात सोडला नाही.

"एकशे बारा. आन मधीच ठोका चुकते. दम लागते का तुमाले?"

वस्तादांनी आमच्याकडं एकेकाकडं पाहिलं. "म्हंजे पोट्टे चांगले हायेत?"

"सगळे चांगले हायेत. तुमचं म्हनून राहिली मी."

"सगळे?"

"हाव, सगळे."

एवढा दांडगा माणूस, उंबऱ्यावर बसला आणि लहान लेकरासारखा रडला. दुःखानं नाही हो. आनंदानं. रडणं संपल्यावर त्यांनी मातीला हात लावून नमस्कार केला, घड्याळ सोडलं आणि माझ्या मनगटावर बांधलं. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाले, आणि मातीबाहेर गेले.

चांदूरची कुस्ती मी जिंकली. त्याचं काही विशेष नाही.

वस्तादांचं औषध सुरू झालं. गाठी उचलणं सुटलं. रोज आखाड्यात येत, उंबऱ्यावर बसून डाव सांगत. दर आदितवारी मला मनगट देत आणि मी दोन बोटांनी मोजत असे. शंभरच्या खाली नाडी येत नव्हती. दिवाळीच्या सुमारास एकदा ते आले तेच लंगोट लावून. चेहरा उजळलेला. "आज बरं वाटून राहिलं. मोज रे. उतरली असन तर दोन मिनिटं मातीत जातो. अंगाले माती लागून किती दिवस झाले."

मी बोटं ठेवली. धडधड लगेच कळली. वर पाहिलं तर वस्ताद माझ्या तोंडाकडं पाहत होते, दिवाळीच्या कपड्यांची वाट पाहणाऱ्या पोरासारखे. माझ्यानं राहवलं नाही.

"बहात्तर, वस्ताद."

त्यांनी माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"लेका, मिनिट कुठं भरलं? काटा अजून अर्ध्यातच हाय."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी मनगट पुन्हा पुढं केलं. "चंद्रभानच्या येळी मी चुकलो. तू नको चुकू. मोज, पुरं मोज."

मी पुरं मिनिट मोजलं. "एकशे सोळा."

"मंग राहू दे," वस्ताद म्हणाले आणि उंबऱ्यावर सरकून बसले. "नत्थुजी, तू उतर."